वाहतुकीचा हिशेब मांडणारा गणिती : लिओनिद कांतोरोविच

रेल्वेच्या फाटकापाशी खोळंबलेल्या माणसाला समोरून जाणाऱ्या मालगाडीच्या वाघिणी मोजण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. एक गाडी कोळसा घेऊन पूर्वेकडे जाते. ती संपते न संपते तोच दुसऱ्या रुळावरून पश्चिमेकडे जाणारी गाडी येते, आणि तिच्यातही कोळसाच भरलेला असतो. कधी यामागे कोळशाच्या प्रतीचे कारण असते, कधी नसतेही. पाहणाऱ्याच्या मनात मात्र सहज येते, की इकडचा माल तिकडे आणि तिकडचा इकडे नेण्यात काय हशील? कोणत्या खाणीतला माल कोणत्या गावी जावा हे ठरवते कोण, आणि कशाच्या आधारावर?

प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु अशाच प्रश्नांचे बिनचूक उत्तर शोधून काढल्याबद्दल एका गणितज्ञाला पुढे अर्थशास्त्राचे नोबेल स्मृति-पारितोषिक मिळाले. आणि त्याआधी सुमारे वीस वर्षे त्याला आपले उत्तर जवळजवळ मनातल्या मनात ठेवावे लागले. त्या गणितज्ञाचे नाव लिओनिद वितालिएविच कांतोरोविच. सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, राष्ट्रपुरुषांची आणि साहित्यिकांची चरित्रे यावीत हे योग्यच आहे. पण आपल्या मंडळात रेल्वे, बंदरे, गोदामे आणि हिशेबाच्या कचेऱ्या यांत उभी हयात घालविलेली मंडळीही पुष्कळ आहेत. त्यांच्या नित्याच्या कामामागे केवढी मोठी विद्या उभी आहे, आणि ती उभी करणाऱ्याला काय सोसावे लागले, हे सांगावे म्हणून आम्ही हे चरित्र निवडले. आम्ही स्वतः गणिताचे जाणकार नव्हे, कलाशाखेचे पदवीधर आहोत. त्यामुळे जेवढे आम्हाला उमगले तेवढेच आणि तितक्याच सोप्या भाषेत सांगणार आहोत.

कांतोरोविच यांचा जन्म १९ जानेवारी १९१२ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. मूल पाच वर्षांचे असतानाच १९१७ ची क्रांती झाली. यादवी युद्धाच्या धामधुमीत कुटुंबाला सुमारे वर्षभर बेलारूसमध्ये आश्रय घ्यावा लागला. १९२२ मध्ये वडील वारले आणि मुलांचा सांभाळ आईने केला. बालपणी इतकी उलथापालथ पाहिलेल्या या मुलाची बुद्धी मात्र कमालीची स्थिर होती. १९२६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो लेनिनग्राड विद्यापीठाच्या गणित विभागात दाखल झाला. अठराव्या वर्षी, १९३० मध्ये, तेथून पदवी घेऊन बाहेर पडला. आणि १९३४ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याच विद्यापीठात प्राध्यापक झाला. वर्गात बसलेल्या काही विद्यार्थ्यांहून प्राध्यापकच वयाने लहान असावा, असा तो प्रकार होता. १९३५ मध्ये प्रबंध सादर न करताच त्याला डॉक्टरेट देण्यात आली, कारण तोवर प्रसिद्ध झालेले संशोधनच पुरेसे बोलके होते.

हे सारे संशोधन शुद्ध गणितातले होते. फंक्शनल ॲनालिसिस नावाची गणिताची जी अत्यंत अमूर्त शाखा आहे तिच्यात कांतोरोविच यांनी घातलेली भर आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ज्याचा बाजारहाटाशी, कारखान्याशी किंवा मालगाडीशी सुतराम संबंध नाही असे ते विश्व. त्यात त्यांनी आयुष्य काढले असते तरी नाव मिळाले असते आणि सुखही मिळाले असते. परंतु १९३८ मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवुड ट्रस्टच्या प्रयोगशाळेतील मंडळी त्यांच्याकडे एक अडचण घेऊन आली.

अडचण अशी होती. प्लायवुड बनविण्यासाठी लाकडाचे ओंडके यंत्रावर फिरवून त्यांचे पातळ पापुद्रे सोलून काढावे लागतात. ट्रस्टकडे अशी आठ यंत्रे होती आणि लाकूड पाच प्रकारचे. प्रत्येक यंत्राचा वेग प्रत्येक प्रकारच्या लाकडावर वेगळा. पाचही प्रकारचा माल ठरावीक प्रमाणात तर निघाला पाहिजे, आणि एकूण उत्पादन मात्र जास्तीत जास्त व्हावे. तर कोणत्या यंत्राला कोणते लाकूड किती वेळ द्यावे? शक्य असलेल्या वाटण्या एकेक करून तपासू गेल्यास त्यांची संख्या एवढी प्रचंड होते, की त्या काळी माणसाने जन्मभर आकडेमोड केली तरी ती संपली नसती. नेहमीच्या गणिताची साधने येथे लंगडी पडत होती.

दुसरा एखादा प्राध्यापक असता तर हा प्रश्न आपल्या विद्वत्तेला शोभणारा नाही असे म्हणून मोकळा झाला असता. कांतोरोविच यांनी तो हाती घेतला. आणि विचार करता करता त्यांच्या ध्यानात आले, की हा केवळ प्लायवुडचा प्रश्न नव्हे. पत्रा कमीत कमी वाया जाईल असा कापणे, शेतजमीन निरनिराळ्या पिकांना वाटून देणे, मर्यादित इंधन कोठे वापरावे हे ठरविणे, आणि कोणत्या ठिकाणचा माल कोणत्या ठिकाणी न्यावा हे ठरविणे, या सर्वांचा सांगाडा एकच आहे. साधने मोजकी, अटी अनेक, आणि त्यातून जास्तीत जास्त फळ काढायचे. १९३९ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी उत्पादनाचे संघटन आणि नियोजन यांच्या गणिती पद्धतींवर एक छोटेखानी पुस्तिका लिहिली आणि लेनिनग्राड विद्यापीठाने ती छापली. ज्या विद्येला जग पुढे लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणू लागले, आणि जी ऑपरेशन्स रिसर्च या शास्त्राचा कणा ठरली, तिचा पाया या पुस्तिकेत घातला गेला.

वाहतुकीचे उदाहरण घेऊन आम्ही यातील मर्म सांगण्याचा प्रयत्न करतो. समजा, अ आणि ब अशी दोन कोठारे आहेत आणि प्रत्येकात शंभर वाघिणी धान्य आहे. क आणि ख अशी दोन नगरे आहेत आणि प्रत्येकाला शंभर वाघिणी हव्या आहेत. दर वाघिणीचे भाडे असे : अ पासून क पर्यंत ४०० रुपये, अ पासून ख पर्यंत ५०० रुपये, ब पासून क पर्यंत ६०० रुपये आणि ब पासून ख पर्यंत १,२०० रुपये. व्यवहारी माणूस म्हणेल, सर्वांत स्वस्त मार्ग अ ते क हा आहे, तेव्हा अ चा सर्व माल क ला पाठवा. तसे केले की ब चा माल ख कडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि एकूण खर्च होतो १,६०,००० रुपये. उलट अ चा माल जरा महाग मार्गाने ख ला आणि ब चा माल क ला पाठविला तर खर्च होतो १,१०,००० रुपये. म्हणजे अ च्या व्यवस्थापकाने आपल्यापुरता शहाणपणा केला, तर सर्वांचे मिळून ५०,००० रुपयांचे नुकसान होते. जवळचे ते स्वस्त, हा न्याय एका घराला लागू पडत असेल. साऱ्या गावाला तो लागू पडेलच असे नाही.

कोठारे दोन आणि नगरे दोन असली तर हे तोंडी सुद्धा जमते. शेकडो स्थानके आणि हजारो मार्ग असले म्हणजे काय करायचे? येथे कांतोरोविच यांनी जी युक्ती शोधली ती विलक्षण आहे. त्यांनी प्रत्येक ठिकाणच्या मालाला एक आकडा, एक मोल, चिकटविले. आमच्याच उदाहरणात पाहा. ब कोठारातली एक वाघीण कमी होऊन तीच अ कोठारात असती, तर क नगराला ती ६०० ऐवजी ४०० रुपयांत पोचती आणि २०० रुपये वाचते. म्हणजे धान्य तेच, दाणा तोच, पण अ येथील वाघीण ब येथील वाघिणीपेक्षा किमान २०० रुपयांनी अधिक मोलाची आहे. हे मोल कोणी अधिकाऱ्याने ठरविलेले नाही. ते हिशेबातूनच उगवते. असे सर्व ठिकाणचे मोल एकदा हाती आले, की कोणता मार्ग वापरण्याजोगा आहे आणि कोणता टाकावा हे त्यावरून पारखता येते, आणि आराखडा याहून सुधारता येणार नाही हेही सिद्ध करता येते. हाच विचार रेल्वेच्या मालवाहतुकीला लावून त्यांनी गावुरिन या सहकाऱ्यासमवेत १९४० मध्ये एक निबंध लिहिला. तो छापून यायला १९४९ साल उजाडले.

एवढा विलंब का झाला, याचे उत्तर त्या दोनशे रुपयांत आहे. तेव्हाच्या सोव्हिएत रशियात वस्तूचे मूल्य तिच्यासाठी खर्चलेल्या श्रमांतून ठरते हा अधिकृत सिद्धान्त होता, आणि त्याविषयी शंका घेणे हे केवळ चुकीचे नव्हे, तर द्रोहाचे समजले जाई. येथे तर एक तरुण गणिती असे दाखवून देत होता, की सारख्याच श्रमांनी पिकलेल्या धान्याचे मोल ते कोठे पडले आहे आणि त्याची टंचाई किती आहे यावरही ठरते. त्याच न्यायाने यंत्रालाही मोल येते आणि जमिनीलाही. हे तर भांडवलशाही अर्थशास्त्राचेच बोलणे झाले, असे म्हणायला टीकाकार टपलेलेच होते. १९३७ आणि १९३८ ही दोन वर्षे धरपकडीची होती. नियोजन खात्यातील आणि विद्यापीठांतील कितीतरी माणसे त्यांत नाहीशी झाली होती. आपल्या पुस्तिकेत कांतोरोविच यांनी त्या आकड्यांना किंमत म्हटले नाही. निर्णायक गुणक असे निरुपद्रवी नाव दिले. आकडे तेच ठेवले, नाव तेवढे बदलले.

त्यानंतर महायुद्ध आले. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने लेनिनग्राडचा वेढा पुरा केला. नोव्हेंबरच्या २० तारखेपासून डिसेंबरच्या २५ तारखेपर्यंत त्या शहरातील कचेरीतले नोकर, घरातील माणसे आणि मुले यांच्या वाट्याला दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव येत होता. शहराकडे येणारा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे लादोगा सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावरून. नोव्हेंबर १९४१ च्या उत्तरार्धात त्या बर्फावरून आधी घोड्यांच्या गाड्या आणि मागोमाग मालमोटारी धावू लागल्या. लोकांनी त्या वाटेला जीवनमार्ग असे नाव दिले. कांतोरोविच तेव्हा नौदलाच्या अभियांत्रिकी विद्यालयात गणित शिकवीत होते आणि लष्करी गणवेशात होते. बर्फाची जाडी आणि हवेचे तापमान पाहून दोन मोटारींमध्ये किती अंतर ठेवावे याचा हिशेब त्यांनी केला, आणि आपला हिशेब खरा की खोटा हे पाहण्यासाठी ते स्वतः त्या बर्फावरून मोटारींच्या मधून चालत गेले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. मोटारी फार जवळ ठेवल्या तर बर्फ फुटणार. फार दूर ठेवल्या तर शहरात पाव कमी पोचणार. वाहतुकीच्या हिशेबाला याहून कठोर परीक्षक कोणता मिळणार? लेनिनग्राडच्या रक्षणाचे पदक पुढे त्यांना देण्यात आले.

विद्यालयाचे स्थलांतर यारोस्लाव्हल येथे झाले. तेथे, युद्धाच्या ऐन धामधुमीत, त्यांनी १९४२ मध्ये आपले मोठे पुस्तक लिहून काढले. साधनांचा उत्तम उपयोग कसा करावा याचा आर्थिक हिशेब हा त्याचा विषय. प्लायवुडच्या आठ यंत्रांपासून निघालेला विचार आता साऱ्या देशाच्या नियोजनापर्यंत पोचला होता. देश संकटात आहे, साधने अपुरी आहेत, तेव्हा ही पद्धत आजच उपयोगी पडेल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. १९४३ मध्ये त्यांनी ती मॉस्कोतील राज्य नियोजन समितीपुढे मांडली. समितीने ती फेटाळली. एका चर्चेत तर एका नामांकित संख्याशास्त्रज्ञाने, सर्वोत्तम वाटणीची ही भाषा मुसोलिनीच्या मर्जीतल्या पारेतोची आहे, असा ठपका ठेवल्याचे सांगतात. त्या काळात असा ठपका ही थट्टा नव्हती. आरोपाचे हे टोक कोठवर जाऊ शकते हे पुढे दिसूनही आले. त्याच नियोजन समितीचे अध्यक्ष वोझ्नेसेन्स्की यांना, एका सर्वस्वी निराळ्या प्रकरणात, १९५० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

आता कांतोरोविच यांच्यापुढे जो पेच उभा राहिला त्याचा विचार आमच्या मनात वारंवार येतो. त्यांना तीन मार्ग मोकळे होते. आपले म्हणणे चुकीचे होते असे कबूल करून सुटका करून घेणे, हा पहिला. उघड भांडण मांडून तुरुंगात जाणे, हा दुसरा. त्यांच्या घरी तेव्हा वैद्यकीचा व्यवसाय करणारी पत्नी होती. १९३८ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. त्यांनी तिसरा मार्ग धरला. अर्थशास्त्राचे हस्तलिखित त्यांनी बाजूला ठेवले, पण त्यातला एक आकडाही मागे घेतला नाही. विचार मात्र गणिताच्या वेषात जिवंत ठेवला. १९४२ मध्ये वस्तुमानांच्या स्थलांतरावर त्यांनी अवघ्या काही पानांचे एक टिपण प्रसिद्ध केले होते. फ्रेंच गणिती गास्पार मोंज याने १७८१ मध्ये असा प्रश्न मांडला होता, की एका ठिकाणची माती खणून दुसऱ्या ठिकाणी भर घालायची असेल, तर कोणते ढेकूळ कोठे न्यावे म्हणजे एकूण श्रम कमीत कमी होतील. मोंजचा तो प्रश्न आणि आपले टिपण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे कांतोरोविच यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. दीडशेहून अधिक वर्षे भिजत पडलेल्या प्रश्नाला वाट मिळाली. शुद्ध गणितातील कामगिरीबद्दल १९४९ मध्ये त्यांना स्टालिन पारितोषिकही मिळाले. एका हाताने सत्ता ज्याचा सत्कार करीत होती, त्याचेच दुसरे हस्तलिखित पेटीत पडून होते.

हात मात्र स्वस्थ नव्हते. लेनिनग्राडच्या रेल्वे डबे बनविणाऱ्या येगोरोव्ह कारखान्यात त्यांनी झाल्गालेर या गणितज्ञाबरोबर पत्रा काटकसरीने कापण्याची पद्धत बसविली, आणि १९५१ मध्ये त्या विषयावर दोघांचे पुस्तक निघाले. या कामाची एक गोष्ट सांगतात ती सरकारी कामकाजाची ओळख असलेल्या वाचकांना चटकन पटेल. पत्रा वाया जाईनासा झाला, तेव्हा कारखान्यातून मोडीत निघणारे लोखंड घटले. आणि मोड पुरविण्याचेही लक्ष्य त्या कारखान्याला वरून ठरवून दिलेले असल्यामुळे, ते पुरे केले नाही म्हणून कारखान्याकडेच जाब मागण्यात आला. काटकसर केली हाच अपराध ठरला. हिशेब बरोबर असून भागत नाही. ज्या नियमांत तो बसवायचा ते नियमही शहाणे असावे लागतात, हा धडा कांतोरोविच यांना येथे मिळाला. शेवटपर्यंत त्यांचा आग्रह दर, भाडी आणि किमती सुधारण्यावर राहिला, तो यामुळेच.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला आणि हळूहळू बर्फ वितळू लागला. त्या सुमारास अमेरिकेत एक वेगळीच हकीगत घडून गेली होती. मूळचे डच असलेले अर्थशास्त्रज्ञ ट्यालिंग कूपमन्स १९४२ मध्ये वॉशिंग्टन येथे मित्रराष्ट्रांच्या जहाजवाहतुकीच्या कचेरीत होते. कोणत्या बंदरातून रिकामी जहाजे कोठे पाठवावीत हा त्यांच्यापुढील प्रश्न. आणि कांतोरोविच यांच्या कामाची गंधवार्ताही नसताना ते जवळजवळ त्याच विचारापर्यंत पोचले. १९४१ मध्ये हिचकॉक या अमेरिकन गणितज्ञाने मालवाटपाचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला होता. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी असे प्रश्न सोडविण्याची सिंप्लेक्स नावाची पद्धत शोधली आणि संगणकाच्या साहाय्याने ती जगभर पसरली. मग १९५६ मध्ये कूपमन्स यांच्या पाहण्यात १९३९ ची ती रशियन पुस्तिका आली. आपण ज्या वाटेने चाललो तिच्यावर आपल्या आधी कोणाची तरी पावले उमटलेली आहेत, हे पाहून त्यांनी ते दडपले नाही. त्यांनी कांतोरोविच यांना पत्र लिहिले आणि पुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर व्हावे म्हणून खटपट केली. १९६० मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत एका गोटातील विद्वानाने दुसऱ्या गोटातील विद्वानाचा अग्रमान असा जाहीरपणे मान्य करावा, ही गोष्ट आम्हाला शोधाइतकीच मोठी वाटते.

इकडे रशियातही दार किलकिले झाले होते. १९४२ मध्ये लिहिलेले पुस्तक १९५९ मध्ये छापून निघाले. लेखक तीस वर्षांचा असताना लिहिलेले पुस्तक तो सत्तेचाळीस वर्षांचा झाल्यावर वाचकांच्या हाती पडले. पुस्तकावर टीकेची झोड उठली, पण आता टीकेचा अर्थ तुरुंग असा राहिला नव्हता. ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ नेमचिनोव्ह त्यांच्या पाठीशी उभे राहिले. लेनिनग्राडचे नोवोझिलोव्ह तर पूर्वीपासूनच समविचारी होते. १९६० मध्ये कांतोरोविच सैबेरियात नोवोसिबिर्स्क येथे नव्याने उभ्या राहिलेल्या विज्ञाननगरीत गेले आणि तेथील गणित संस्थेत त्यांनी अर्थशास्त्रीय गणिताचा विभाग उभारला. लेनिनग्राडसारखे विद्येचे माहेरघर सोडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर दूरच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

याच काळातील त्यांचे एक काम सामान्य माणसाच्या खिशाशी निगडित होते. सोव्हिएत शहरांतील टॅक्सीचे भाडे केवळ अंतरावर आकारले जाई. त्यामुळे जवळ जाणारे गिऱ्हाईक चालकाला नकोसे वाटे, आणि भाडे जास्त म्हणून लांब जाणारे गिऱ्हाईक टॅक्सीत बसत नसे. कांतोरोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचविले, की टॅक्सीत पाऊल ठेवताच एक ठरावीक आकार घ्यावा आणि दर किलोमीटरचे भाडे उतरवावे. म्हणजे जवळची फेरीही चालकाला परवडेल आणि लांबचे गिऱ्हाईकही वाढेल. १९६१ च्या नव्या दरांत हे तत्त्व आले. जे प्लायवुडच्या यंत्रांना लागू, तेच टॅक्सीलाही लागू : आकडा योग्य लावला की माणसे आपोआप योग्य दिशेने वागतात, हुकूम सोडावा लागत नाही.

१९६४ मध्ये ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. १९६५ मध्ये नेमचिनोव्ह आणि नोवोझिलोव्ह यांच्यासह त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. नेमचिनोव्ह तो दिवस पाहायला हयात नव्हते. १९७१ मध्ये कांतोरोविच मॉस्कोला आले. आणि १९७५ मध्ये साधनांच्या सर्वोत्तम वाटपाच्या सिद्धान्तातील कार्याबद्दल नोबेल स्मृति-पारितोषिक त्यांना आणि कूपमन्स यांना विभागून देण्यात आले. डँट्झिग यांचे नाव वगळले गेले याची खंत कूपमन्स यांना होती. पुस्तिका निघाली तेव्हा सत्तावीस वर्षांचा असलेला तरुण आता त्रेसष्ट वर्षांचा वृद्ध झाला होता.

७ एप्रिल १९८६ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत सोव्हिएत अर्थव्यवस्थेने त्यांच्या पद्धती तुकड्या-तुकड्यांनी वापरल्या. साऱ्या देशाचे नियोजन त्या पायावर उभारण्याचे त्यांचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही. १९९१ मध्ये तो देशच इतिहासजमा झाला. एवढी बुद्धी, एवढा धीर, आणि जिच्यासाठी हे सारे केले ती व्यवस्था उरलीच नाही, तेव्हा हे जीवन वाया गेले असे कोणी म्हणेल काय? आम्हाला तसे वाटत नाही. विमानांची वेळापत्रके, तेलाच्या शुद्धिकरणाचे कारखाने, मालाची गोदामे आणि जहाजे यांचा हिशेब आज जगभर याच विद्येच्या आधाराने होतो. मोंज आणि कांतोरोविच यांच्या मातीच्या ढेकळांचा प्रश्न तर आता गणिताची एक समृद्ध शाखा बनला आहे. त्या शाखेतील कामगिरीबद्दल २०१८ मध्ये इटालियन गणिती अलेस्सिओ फिगाल्ली यांना गणितातला सर्वोच्च मानला जाणारा फील्ड्स सन्मान मिळाला.

या कथेत शेवटी आपल्या घरचेही एक नाव येते. लिनिअर प्रोग्रॅमिंगचे प्रश्न फार मोठे झाले तर ते खात्रीने वाजवी वेळात सुटतील काय, ही शंका अनेक वर्षे शिल्लक होती. १९७९ मध्ये लिओनिद खाचियान या सोव्हिएत गणितज्ञाने तत्त्वतः होकारार्थी उत्तर दिले, पण त्याची रीत व्यवहारात मंद ठरली. १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तरुणाने तत्त्वाला उतरणारी आणि व्यवहारातही वेगवान अशी नवी रीत शोधून काढली. त्या तरुणाचे नाव नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातला आणि शिक्षण मुंबईच्या आय. आय. टी. मधले. लेनिनग्राडमध्ये एका प्लायवुड ट्रस्टच्या अडचणीतून निघालेला धागा महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या एका मराठी मुलाच्या हाती येऊन पुढे गेला, हे वाचून बृहन्महाराष्ट्रातल्या आपणा सर्वांना समाधान वाटल्यावाचून राहणार नाही.

कांतोरोविच यांच्या चरित्रातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. आपल्या कोठाराचा खर्च वाचला म्हणजे सर्वांचा वाचला असे नव्हे. बेरीज नेहमी साऱ्या गावाची करावी, ही पहिली. दुसरी अधिक अवघड आहे. बरोबर असलेले उत्तर ऐकायला जग तयार नसेल, तर ते ओरडून सांगता येत नाही, पण पुसून टाकण्याचेही कारण नाही. कांतोरोविच यांनी ते जपून ठेवले, मिळेल त्या कामात थोडे थोडे वापरले आणि वाट पाहिली. सत्तावीस वर्षांच्या वयात त्यांनी मांडलेला हिशेब पुढे जगाने तपासून पाहिला, तेव्हा त्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही.